महाराजबाग राहून गेली

पळसबोडीहून नागपूर काही सातासमुद्रापलीकडे नाही. चिमूरपर्यंत काळीपिवळी जीप, तिथून बसने तीन तास. तरी लग्नाला एकतीस वर्षं होऊनही हेमराज आणि वच्छलाने ते शहर पाहिलं नव्हतं. ढिवराच्या घरात कारणांना तोटा नसतो. पावसाळ्यात तलावात मासोळीचं बीज सोडायचं, हिवाळ्यात जाळी ओढायची, उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलातला मागूर चाचपायचा, आणि मधल्या दिवसांत लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणं नाहीतर कापणी. वच्छलाची धाव चिमूरच्या घोडायात्रेपर्यंत. तिथेही ती दर वर्षी उंच पाळण्याकडे खालूनच पाहून परत यायची.

म्हणून त्या माघात जेवता जेवता हेमराज म्हणाला, "एकडाव नागपूर पाहून येऊ म्हन्तो," तेव्हा वच्छलाच्या हातातली पळी वरणातच राहिली.

"काऊन? काय काम हाय तिथी?"

"काम कायले पाह्यजे? लोकं जातेत, पाहातेत, येतेत. आपन काय डोये बांधून मराचं?"

तिने पळी बाजूला ठेवली. नागपूर हा शब्द त्या घरात चार वर्षांत कोणी उच्चारला नव्हता, कारण नागपुरात त्यांची डिंपल राहत होती.

डिंपल त्यांची एकुलती एक. नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तिथेच दवाखान्यात लागली, आणि भद्रावतीच्या अजीम नावाच्या मुलाशी तिने कचेरीत जाऊन लग्न केलं. अजीम फ्रिज दुरुस्त करायचा. लग्न झालं त्याच दिवशी संध्याकाळच्या आत तिने घरी फोन करून सांगितलं, लपवाछपवी केली नाही. हेमराज ओरडला असता, दोन भांडी फेकली असती, तर वच्छलाला बरं वाटलं असतं. त्याचा राग तसा बोलका होता आणि तासाभरात उतरायचा. पण त्या दिवशी तो नुसता उठला. डोकं भादरून घेतलं, कणकेचा पिंड केला, तलावात कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि डिंपलचं नाव घेऊन पिंड सोडला, ओंजळीने पाणी सोडलं. जिवंत पोरीचं. असं कर म्हणून त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. उलट त्याचा चुलतभाऊ बुधू काठावरून म्हणाला होता, "भाऊ, असं करू नोको, वापस घेता येत नाई हे." हेमराजला तेव्हा देवाने येऊन सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

वच्छलाने मात्र काही सोडलं नव्हतं. अंगणवाडीच्या साधनाबाईकडे फोन होता. मंगळवारी हेमराज मासोळी घेऊन बाजाराला गेला की ही सूप मागायच्या निमित्ताने तिकडे जायची. एवढी सुपं लागतात तरी कशाला, असं शेजारणींनी विचारायचं तेवढं ठेवलं होतं. त्या फोनवरच तिला कळलं की डिंपलला मुलगी झाली आणि तिचं नाव मदीहा ठेवलं. वच्छलाने ते नाव तीन दिवस पाट्यावर मिरची वाटता वाटता घोकलं, तेव्हा कुठे जिभेवर बसलं. आता ती पोर अकरा महिन्यांची होती. साधनाबाईच्या फोनची काच फुटलेली, त्यामुळे फोटोत पोरीचा एक गाल कायम फुटलेल्या काचेखाली जायचा. तेवढा गाल धरून सबंध नात एकदा मांडीवर घ्यायची, याच्यापलीकडे वच्छलाला आता काही मागायचं उरलं नव्हतं.

बाबा स्वतःहून नागपूरला यायचं म्हणतात हे ऐकून डिंपलने फोनवर ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "साधनाबाई, कागद घ्या. मी सांगतो तसं लिवा."

कागदावर मग सगळं नागपूर उतरलं. सकाळी साडेसहाची बस धरायची आणि खिडकी डावीकडची घ्यायची, म्हणजे ऊन लागत नाही. स्टँडवर कोणी पिशवी धरायला आला तर द्यायची नाही. मेट्रोत एकदा बसायचंच, पण पायऱ्या चढायच्या नाहीत, वर न्यायला लिफ्ट असते. तिकीट दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही, त्याला घाबरायचं नाही, आणि बाहेर पडेपर्यंत तिकीट फेकायचं नाही. सीताबर्डीच्या बाजारात नुसतं फिरायचं, हात लावला की दुकानदार सोडत नाही. जेवताना तर्री कमी घ्यायची आणि वांग्याची भाजी अजिबात घ्यायची नाही. मग फुटाळा तलाव पाहायचा, पण अर्ध्या तासात उठायचं. आणि बरोबर तीन वाजता महाराजबाग. आत मोरांच्या पिंजऱ्यासमोर बाक आहेत, तिथे बसायचं. या शेवटच्या ओळीखाली साधनाबाईने दोन रेघा मारल्या.

कारण त्या बाकावर डिंपल मदीहाला घेऊन बसणार होती. दवाखान्यातून तिने अर्धी सुट्टी काढली होती. बागेत कोणतीही बाई कोणत्याही बाईचं लेकरू उचलून घेते, त्यात विचारायचं काय? वच्छला मदीहाला उचलणार, हेमराज पाहणार, डिंपल पाया पडणार. परक्या गावात, चार लोकांत, तो आरडाओरडा करणार नाही. आणि पोर एकदा त्याच्या मिशा धरून ओढू लागली की पुढचं ती पोरच पाहून घेईल, असा दोघींचा हिशेब होता. हेमराजला तेवढं आधी कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर तो चिमूरच्या पुढे पाऊल टाकणार नाही याची वच्छलाला खात्री होती.

"श्रीहरीनं लिवून देल्लं, भाऊ," साधनाबाई हेमराजला म्हणाली. श्रीहरी हा गावचाच पोरगा, ट्रक घेऊन महिन्यातून चारदा नागपूरला जायचा. हेमराजने कागद तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. वांग्याची ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "श्रीहरी हुशार झाला गड्या," आणि कागद बंडीच्या खिशात ठेवला.

तो दिवस सुरू तर छान झाला. वच्छलाने लग्नातली ठेवणीतली नऊवारी काढली होती, हेमराजने पांढरा सदरा घातला होता. बसमध्ये डावीकडची खिडकी मिळाली. लिफ्टमध्ये दोघं एकमेकांना धरून उभे राहिले, फाटक आपोआप उघडलं तेव्हा हेमराजने मागे वळून त्याला रामराम केला, आणि मेट्रो छपरांवरून जाऊ लागली तेव्हा तो काचेला नाक लावून म्हणाला, "इतक्या लोकाईले पानी कोन पुरवत असन वो?" वच्छला हसली. कितीतरी दिवसांनी ती नवऱ्यासोबत हसली होती. बर्डीचा बाजार त्यांनी हाताची घडी घालून पाहिला, खाणावळीत भेंडीची भाजी मागवली, आणि साडेबाराला ते फुटाळ्यावर पोचले.

पाणी पाहिलं आणि हेमराज काठावरच्या कठड्यावर जो बसला, तो उठायलाच तयार होईना.

आधी वच्छलाला त्यात वावगं वाटलं नाही. सोनाराला दागिन्यांच्या दुकानापुढून ओढून न्यावं लागतं, तसंच हे. तो पाण्याकडे पाहून सांगत होता, इथे खोली किती असेल, वारा कुठून येतो, जाळं टाकायचं झालं तर कोणत्या कोपऱ्यातून. "ते बुडबुडे पाह्य. मरळ हाय खाली." ती हो हो करत होती. एक वाजला, दीड वाजला.

"चाला न जी आता. महाराजबागेत वाघ हाय म्हन्ते."

"वाघ पाहाले नागपूरले याव लागते काय? आपल्या बोडीवर पानी प्याले येते तो."

"मोर हाय."

"मोर बी येते."

हे खरंच होतं. त्याने शेंगा घेतल्या आणि एकेक शेंग अशी सोलून खाल्ली की जणू आत मोती निघणार होता. मग चहा. मग त्याला तलावाचा पार दुसरा काठ पाहायचा होता. गुडघा धरून धरून तो चालत राहिला, वाटेत दोनदा बसला, चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो दोरीने बांधत बसला. वच्छला येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारू लागली. अडीच. मग तीनला दहा कमी. मग तीन.

तीनच्या पुढे तिला तलाव दिसेनासा झाला. तिला बाक दिसत होता, आणि फाटकाकडे मान वळवून वळवून पाहणारी डिंपल. लेकरू उन्हात किरकिरत असेल. एकदा वाटलं, सरळ सांगून टाकावं. पण चार वर्षं ज्याने पोरीचं नाव घेतलं नाही तो ऐकून तिथूनच उलट्या पावली स्टँड गाठील, मग आजचा काय, कधीचाच दिवस मिळायचा नाही. असा विचार करून ती गप्प बसली. पुढे कित्येक दिवस वच्छलाने या गप्प बसण्यासाठी स्वतःला शिव्या घातल्या, आणि त्या तिने घालायलाच हव्या होत्या.

चार वाजता तिने पदर खोचला. "मले महाराजबाग पाहाची हाय. तुमी येत नसान तं मी एकलीच जातो."

हेमराजने तिच्याकडे पाहिलंही नाही. "पाच वाजता बस हाय. चुकन." आणि हात करून त्याने ऑटो थांबवला.

ऑटो गर्दीतून वाकडातिकडा निघाला. वच्छला बाहेरच्या बाजूला बसली होती. एक मोठं फाटक आलं, फुगेवाले, पोरंबाळं, आणि वर पाटी. तिला वाचता येत नव्हतं, पण आतून मोर ओरडला, तो तिला कळला. फाटकापाशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. ऊन तोंडावर येत होतं म्हणून वच्छलाला चेहरा नीट दिसेना.

"थांबव न रे बाबू, मले उतराचं हाय."

"चाल गा," हेमराज म्हणाला. "बस चुकून राह्यली."

ऑटोवाल्याने पुरुषाचं ऐकलं. त्यात नवल काही नाही, सगळी दुनिया तेच करते. फाटक मागे पडलं. हेमराजने पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, आणि स्टँड येईपर्यंत तो त्याने सोडला नाही.

बस उमरेडच्या पुढे जाईपर्यंत वच्छलाने तोंड खिडकीकडे ठेवलं. मग तिचं तिलाच आवरेना.

"तिथी डिंपल होती," ती म्हणाली. "तीन वाजल्यापासून बसून होती. तुमच्या शेंगा सरत नव्हत्या तवा."

"माहीत हाय."

ती वळली.

"श्रीहरीले काय माहीत, वांगं खाल्लं का माह्या अंगावर गांध्या उठते म्हनून?" हेमराज समोरच्या सीटकडे पाहत बोलत होता. "माह्या गुडघ्याचं त्याले कोनं सांगतलं? कागद आयकला तवाच वयखलं मी. तिले पोट्टी झाली हे बी बाजारात आयकलं होतं. अन् नागपूरचं नाव मीच काढलं होतं. कायले काढलं असन?"

"मंग?"

"मंग काय."

"मंग ऑटो थांबवला काऊन नाई?" तिचा आवाज चढला तशी पुढची दोन माणसं वळून पाहू लागली. तिला आता कोणाची लाज उरली नव्हती. "दिसली न तुमाले?"

"दिसली. पिवया ओढनीत होती. वाळली लय. पोट्टी डाव्या कडेवर होती. तिनं टोपडं काढून फेकलं, अन् तिची माय ते उचलाले वाकली." तो थांबला. "तिनं बी मले पाह्यलं."

 तिने नवऱ्याचं मनगट धरून हलवलं. "कोन्या जल्माचं वैर काढून राह्यले तुमी तिच्यासंगं?"

"वैर नाई वो." त्याने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. जाळ्याच्या दोरीने कापलेले, भेगाळलेले हात. "ह्या हातानं पिंड देल्ला मी तिले. जित्या लेकराले मेल्याचं पानी देल्लं. पाप लागते का नाई त्याचं? ते माह्यावर पडलं असतं तं चाललं असतं, पन माह्यावर काहीच पडलं नाई, चांगला खाऊन-पिऊन हाव. मंग ते कोठी असन? हे हात त्या पोट्टीले लागले अन् तिले काही झालं तं? तलावापाशी बसलो तवा उठाचं म्हनत होतो मी. दरखेप म्हनत होतो. पाय उठेच ना. भेव लागलं मले, वच्छला."

इतक्या वर्षांत हेमराजने भीती वाटली असं कधी कबूल केलं नव्हतं. वाघ दिसला तरी तो आधी त्याला शिवी द्यायचा. आता तो सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत होता. वच्छलाला त्याला मारावंसं वाटलं, आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. एकच गोष्ट दोघांनी दिवसभर एकमेकांपासून लपवली होती, आणि त्या लपवण्यात तिकडे पोर उन्हात उभी राहिली. बसमध्ये नवराबायको शेजारी बसून रडत होती. लोकांना वाटलं, दवाखान्यातून आली असावीत. एका म्हाताऱ्याने पाण्याची बाटलीही पुढे केली.

"पानी तुमी सोडलं होतं," बाटली घेत ती म्हणाली. "मी नव्हतं सोडलं. मले तं घेऊ द्याची होती."



दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला सूप न मागताच साधनाबाईकडे निघाली, आणि हेमराज तिच्या मागे मागे आला.  तो अंगणवाडीच्या दारात चौकटीला टेकून उभा राहिला. साधनाबाईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"माय," डिंपल म्हणाली. चार वर्षांनी तो आवाज ऐकून हेमराजने चौकट घट्ट धरली. "पोचले न बराबर? बाबाले पायऱ्या तं नाई चढाव लागल्या?"

"नाई वो बाई. लिफ्ट होती."

"नागपूर आवडलं त्याईले?"

वच्छलाने फोन तोंडाजवळ ओढला. "डिंपल, आयक न, काल..."

"मीच सांगतो कालचं." तिचा आवाज शांत होता, आणि वच्छलाला त्या शांतपणाचीच धास्ती वाटली. "पाच वाजेपर्यंत होतो मी. ऑटो आला तवा बाबाचं तोंड माह्याकडंच होतं. मले वाटलं आता थांबते. मी मदीहाले म्हनलं बी, आबा आला पाह्य. ऑटो गेला निंगून." पलीकडे लेकरू काहीतरी बडबडत होतं. "मी समजत होतो माय, बाबानं ते रागात केलं असन. राग उतरला का पस्तावत असन. चार साल मी अजीमले हेच सांगतलं. आता काय सांगू? त्याईच्यासाठी मी मेलोच हाव. तू बी तसंच समज. मले आता असं उभं राहानं होत नाई."

"तसं नाई वो, बाबाले..."

फोन बंद झाला होता.

 अंगणवाडीत पोरं यायला लागली होती, एकाने पाटीवर उलटं कमळ काढून साधनाबाईला दाखवलं, तिने त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला.

"परत लाव," हेमराज म्हणाला.

तिने लावला. "उचलत नाई, भाऊ."

"अजून एकडाव लाव."

तीन वेळा लावला, तीन वेळा नुसता वाजून थांबला. चौथ्या वेळी साधनाबाईने फोन त्याच्याच हातात दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. हेमराज फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडे घंटी वाजत होती, अजून कोणी उचललं नव्हतं, आणि तो बोलायला लागला होता, "डिंपल, मी बाबा बोलून राह्यलो. आयक."